नॉगची काठी

स्टार ट्रेक ही अंतराळातल्या गोष्टींची अमेरिकन मालिका म्हटलं की कर्क, स्पॉक, फार तर पिकार्ड, हे तिचे नायक. मला मात्र आज नॉगबद्दल लिहायचंय. 'डीप स्पेस नाइन' (१९९३ ते १९९९) या स्टार ट्रेकच्याच एका मालिकेतला हा फेरेंगी जमातीचा पोरगा. सातही सीझन दिसतो, पण त्याचं काम करणाऱ्या ॲरन आयझेनबर्गचं नाव मुख्य कलाकारांत कधीच आलं नाही, शेवटपर्यंत पाहुणाच.

फेरेंगी म्हणजे मोठाले कान, वेडेवाकडे दात आणि नफा हाच धर्म. आधीच्या मालिकेत ही जमात खलनायक म्हणून आणली होती, पण त्यांची कुणाला भीतीच वाटेना, मग त्यांचं हसं झालं. इथेही नॉग पहिल्याच भागात चोरी करताना सापडतो. वाटतं, आहे आपला अधूनमधून हसवायला.

आणि मग तो एक दिवस अंतराळस्थानकाचा प्रमुख कमांडर सिस्कोच्या टेबलावर लॅटिनमची, म्हणजे फेरेंगी पैशांची, थैली ठेवतो. फेरेंगी रीतीप्रमाणे शागिर्दीची दक्षिणाच ती. त्याला स्टारफ्लीट अकॅडमीत, म्हणजे अंतराळदलाच्या प्रशिक्षण संस्थेत जायचंय, शिफारसपत्र हवंय. सिस्कोला वाटतं यात काहीतरी डाव असणार. तो त्याला मालखोलीतला सगळा माल मोजायला लावतो. पोरगा तेही इमानेइतबारे करतो. शेवटी सिस्को मुद्दाम नकार देतो, खोदून खोदून विचारतो, तेव्हा नॉग फुटतो. माझ्या बापाच्या हातात यंत्रांची जादू आहे, पण जातीचा धंदा म्हणून तो काकाच्या बारमध्ये राबला, आणि धंदा त्याला कधी जमलाच नाही. मला तसं व्हायचं नाहीये! हे ऐकताना दरवेळी माझा घसा दाटून येतो. असे बाप आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहेत.

पण माझं खरं म्हणणं पुढचं आहे. १९९८ मध्ये दाखवलेल्या युद्धाच्या भागात, एआर-५५८ नावाच्या उजाड ठाण्यावर, आता स्टारफ्लीटमध्ये असलेल्या नॉगचा पाय जातो. नवा पाय बसवतात. डॉक्टर म्हणतात, पाय ठणठणीत आहे, दुखायचं कारण नाही. तरी तो लंगडतो, काठी सोडत नाही, एकच गाणं पुन्हा पुन्हा ऐकतो. शेवटी होलोस्वीट नावाच्या आभासी खोलीत, प्रकाशाने उभ्या केलेल्या १९६२ च्या लास व्हेगासमध्ये, व्हिक फोंटेन या गायकाच्या घरीच मुक्काम ठोकतो. 'इट्स ओन्ली अ पेपर मून' हा अख्खा भाग एवढाच. ना लढाई, ना परग्रह. एक पोरगा बाहेर यायला तयार नाही.

नायकाच्या वाट्याला असा भाग येत नाही. नायकाची जखम पुढच्या भागापर्यंत भरावीच लागते, त्याला जहाज चालवायचं असतं. नॉगला वेळ मिळाला तो दुय्यम पात्र असल्यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

माझ्या धाकट्या भावाचा बाइकवरून अपघात झाला, मांडीत रॉड घातला. हाड जुळलं, एक्स-रे स्वच्छ आला, आणि घरात सगळे एकच म्हणू लागलो, "आता बरं झालंय ना? मग चाल की!" मीही म्हणायचो. तो पुढे पाच महिने काठी घेऊन चालला. पलंगाला टेकवून ठेवायचा, रात्री हात लांबवला की लागेल अशी. मला तेव्हा राग यायचा. हा भाग मी नंतर पाहिला. नॉग व्हिकला सांगतो की युद्धात किती जणांना मरताना पाहिलं, पण आपल्याला काही होईल असं कधी वाटलंच नव्हतं. आता पाय जाऊ शकतो तर काहीही होऊ शकतं, उद्या जीवही जाईल. मला भीती वाटते. पाहून झाल्यावर मी भावाच्या खोलीत गेलो आणि नुसता त्याच्या शेजारी बसलो.

आयझेनबर्गने ते एवढ्या जाड रबरी मुखवट्याआडून केलंय, फक्त डोळे आणि आवाज. तो स्वतः लहानपणापासून किडनीच्या आजाराशी झगडत होता, दोनदा प्रत्यारोपण झालं. २०१९ मध्ये, वयाच्या ५० व्या वर्षी गेला. पुढच्याच वर्षी 'डिस्कव्हरी' या स्टार ट्रेकच्या नव्या मालिकेत एका जहाजाला नॉगचं नाव दिलेलं दिसलं.

ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांनी निदान 'एआर-५५८' आणि 'पेपर मून' हे दोन भाग लागोपाठ पाहा. दुसऱ्याच्या शेवटी नॉग बाहेर येतो, घरचे विचारतात, बरा आहेस ना? तो म्हणतो, नाही, पण होईन.