पॉपकॉर्न इतिहासकाराचं उत्तर

निनावी साहेब (किंवा बाई, नाव टाकलं नाहीत म्हणून अंदाजाने),

ज्यात पेटत्या थेटरात हिटलर मारला जातो, त्या 'इनग्लोरियस बास्टर्ड्स' या पिक्चरवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही बरंच काही लिहिलंय, पण त्यातलं एक वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना. "हिटलर थेटरात मेला म्हणून टाळ्या पिटणारे पॉपकॉर्न इतिहासकार वाढलेत, यांना खरं-खोटं कळत नाही."

आधी चूक कबूल करतो. हिटलरला मारायला एल्झरने ठेवलेल्या खऱ्या बॉम्बचं साल मी 1938 लिहिलं होतं, ते 1939 हवं. दुरुस्त केलंय, आभार. पण हे "अहो, साल चुकलंय" एवढं म्हणूनही सांगता आलं असतं ना? थेट अक्कल काढायची काय गरज होती?

आता पॉपकॉर्न. टाळ्या मी पिटल्या, खरंय, शिट्ट्याही मारल्या, पण त्या 2009 ला, कॉलेजात असताना, मित्रांबरोबर, आणि तेव्हा शाळेच्या पुस्तकातलं पानभर महायुद्ध सोडलं तर मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. लेखात हेच तर लिहिलंय, वाचलात का पूर्ण?

नंतर कंपनीने सात महिने म्युनिकला पाठवलं. तिथे रोझेनहायमर रस्त्याजवळ जमिनीत बसवलेली एक पाटी आहे, मी जवळजवळ तिच्यावर पाय देऊनच पुढे गेलो होतो. पूर्वी तिथे मोठा बिअर हॉल होता. गेओर्ग एल्झर नावाचा एक सुतार तीसेक रात्री त्यात लपून राहिला, गुडघ्यांवर बसून हिटलरच्या भाषणाच्या जागेमागचा खांब पोखरत. 8 नोव्हेंबरला नेमकं धुकं, विमानाचा भरवसा नाही, ट्रेन गाठायची म्हणून हिटलर भाषण लवकर आटपून 9:07 ला निघाला आणि बॉम्ब फुटला 9:20 ला. तेरा मिनिटं! आठ जण गेले, तो सोडून. एल्झरला 9 एप्रिल 1945 ला डाखाऊच्या छळछावणीत गोळी घातली, हिटलर मरायच्या फक्त तीन आठवडे आधी.

त्या रात्री रूमवर येऊन तोच पिक्चर परत लावला. शिट्टी नाही आली हो. गोष्टीतली थेटरची आग 1944 च्या जूनमधली आहे, हे पहिल्या वेळी माझ्या लक्षातही आलं नव्हतं. खऱ्या जूनमध्ये हंगेरीतून ज्यूंना भरभरून गाड्या औशविट्झच्या मृत्युछावणीकडे चालल्या होत्या, मे ते जुलैच्या दोनेक महिन्यांत सव्वाचार लाखांवर माणसं. पडद्यावर रिळांचा ढीग पेटला तेव्हा मी मनात त्या गाड्या मोजत बसलो होतो, आत्ता थांबल्या असत्या तर किती जण उतरून घरी गेले असते. खरं-खोटं न कळणाऱ्या माणसाचं असं होतं का? उलट हे झालंच नाही हे पक्कं माहीत असतं म्हणून तो सीन टोचतो, तुम्हाला टोचला नसेल तर तो माझा दोष नाही.

बाकी हिंसा जास्त आहे, लांबी जास्त आहे वगैरे, असेल, तुमचं मत. इतिहास न वाचलेली पोरं हेच खरं धरून चालतील, हा तुमचा मुद्दाही आहे, त्यावर नंतर कधीतरी.

आणि थेटरात मी पॉपकॉर्न घेत नाही. समोसा घेतो.