२००८ची झळ भारताला लागलीच नव्हती?

सतत फॉरवर्ड होणारा दावा असा: ‘२००८मध्ये जग बुडालं, पण आपल्या बँकांकडे अमेरिकी सबप्राइम रोखे (फेडण्याची ऐपत कमी असलेल्यांच्या गृहकर्जांवर काढलेले) नव्हते आणि घरोघरी बचत, सोनं होतं. म्हणून भारताला झळ लागली नाही.’

झळ लागली नाही? जानेवारीत २१ हजारांवर पोचलेला सेन्सेक्स ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात ९ हजारांखाली गेला होता. ४० रुपयांच्या आसपासचा डॉलर ५०ला भिडला. विकासदर नऊ टक्क्यांवरून, तेव्हाच्या आकडेवारीनुसार, ६.७ टक्क्यांवर आला.

रोख्यांचं म्हणणं बरंचसं खरं आहे. पण संकट डॉलरच्या टंचाईतून आलं. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि परदेशी बँकांनी हात आखडले. भारतीय कंपन्यांची आयातीसाठीची अल्पमुदतीची परदेशी कर्जं पुढे ढकलून मिळेनात. मग त्यांनी लिक्विड फंडांतले, म्हणजे हवे तेव्हा पैसे काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडांतले, पैसे काढले. फंडांचा पैसा होता बँकांच्या ठेव-प्रमाणपत्रांत आणि एनबीएफसींच्या (बँक नसलेल्या वित्तकंपन्यांच्या) कमर्शियल पेपरमध्ये, म्हणजे अल्पमुदतीच्या कर्जाच्या कागदांत, आणि ते कागद घ्यायला गिऱ्हाईक नव्हतं. कंपन्यांच्या अग्रिम कराच्या हप्त्याची तारीखही नेमकी १५ सप्टेंबर, म्हणजे तोही पैसा सरकारी तिजोरीत गेलेला.

त्यातच परदेशी गुंतवणूकदार शेअर विकून डॉलर नेत होते. रुपया सावरायला रिझर्व्ह बँक डॉलर विकते, तेव्हा तेवढे रुपये बँकांकडून तिच्याकडे परत जातात. ४८च्या भावाने एक अब्ज डॉलर विकले की ४,८०० कोटी रुपये बाजारातून गेले. ऑक्टोबरमध्ये कॉल मनीचा, म्हणजे बँकांच्या एका रात्रीच्या उसनवारीचा, दर २० टक्क्यांच्या घरात गेला तो यामुळे. १४ ऑक्टोबरला रिझर्व्ह बँकेने म्युच्युअल फंडांची निकड भागवायला २०,००० कोटींची खिडकी उघडली. पुढच्या काही महिन्यांत सीआरआर (ठेवींचा बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचा हिस्सा) ९वरून ५ टक्के, रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना उसने देते तो दर) ९वरून ४.७५ टक्के. झळ नव्हती तर ही धावपळ कशाला?

बचतीचा मुद्दा अर्धाच. बँकांतल्या घरगुती ठेवी टिकल्या, त्याचा आधार झालाच. कपाटातल्या सोन्याने मात्र कुठल्या कंपनीचं डॉलरचं देणं फिटत नव्हतं. खरी ढाल होती सुमारे ३०० अब्ज डॉलरची परकीय गंगाजळी, आणि आधीच चढा ठेवलेला सीआरआर, ज्यामुळे कपातीला वाव उरला.

निर्यातीचा तर दाव्यात उल्लेखही नाही. ती ऑक्टोबरपासून वर्षभर, आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या तुलनेत, घटत राहिली. अमेरिकेतली मागणी आटली आणि सुरतेत हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या हजारो कारागिरांचं काम गेलं.