रॉड काढल्यावर पाय पुन्हा आखूड होतो? खुलासा

दापोली-गुहागरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'पाय लांब करण्याच्या ऑपरेशनचा रॉड काढला की पाय परत आखूड होतो, म्हणून तीन महिने पाय जमिनीला टेकवू नका.' पहिला भाग साफ खोटा. दुसरा सरसकट लागू होत नाही.

या पद्धतीत हाड कापून आत बसवलेल्या रॉडने त्याची टोकं दिवसाला साधारण १ मिलिमीटर दूर सारतात आणि मधल्या फटीत नवं हाड धरतं. सोव्हिएत सर्जन डॉ. इलिझारोव यांनी सायबेरियातल्या कुर्गानला १९५० च्या दशकात हीच गोष्ट बाहेरच्या कड्या लावून साधली होती. एक्स-रेत नवं हाड पक्कं भरलेलं दिसल्यावरच रॉड काढतात. तोपर्यंत भार हाडच पेलू लागलेलं असतं. मग ते आखूड होईल कसं?

रॉड काढल्यावर बहुतेकांना एक-दोन दिवसांत कुबड्या घेऊन चालायला लावतात. मात्र रॉड धरून ठेवणाऱ्या स्क्रूची भोकं बुजेपर्यंत, म्हणजे काही आठवडे, हाड तिथे कमजोर असतं. धावणं, उड्या, माडावर चढणं, होडी ओढणं तेवढे दिवस बंद. पावसाळ्यात जांभ्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून कुबड्या घेऊन विहिरीवर जायचं धाडस तर नकोच (आमच्याकडे हे सांगावं लागतं!). नेमके किती दिवस, ते तुमचा एक्स-रे बघून सर्जनच ठरवतील.

ताप आला, जखमेतून पू येऊ लागला, पोटरी सुजून दुखू लागली किंवा पायावर अचानक भार घेता येईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर लगेच १०८ ला फोन करा.