दुधाचा ग्लास फुप्फुसात जात नाही
रविवारी सकाळी विक्रोळीहून ताईचा फोन. "अरे, वेल्डिंगच्या आधी दूध गरम द्यायचं की थंड चालेल?" भाच्याच्या बाइकचा सायलेन्सर सडलाय, म्हणून तो नवीन घरीच बनवायला निघाला होता. प्लंबरकडून जीआय पाइप आणला होता, मशीन भाड्याने, आणि जागा म्हणजे घराची गॅलरी. त्याला आलेला मेसेज मग मलाही तीन ग्रुपवर दिसला: "घरच्या घरी स्वस्तात सायलेन्सर! जीआय पाइप घ्या, गंजत नाही. वाळू भरून वाकवा. वेल्डिंगच्या आधी आणि नंतर ग्लासभर दूध प्या, धूर बाधत नाही. कॅटकॉन (सायलेन्सरमधला धूर साफ करणारा भाग) नसला की पॉवर, मायलेज दोन्ही वाढतं. पीयूसी असली की पोलीस काही करू शकत नाहीत."

साकीनाक्याच्या गाळ्यात फॅब्रिकेशन करण्यात माझी वीस वर्षं गेली. दुधाचं वाक्य लिहिणाऱ्याने एकदा तरी हातात वेल्डिंगचा होल्डर धरला असेल का, असं वाटतं.

जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर. जस्त 907 अंश सेल्सिअसला उकळतं, आणि वेल्डिंगच्या आर्कचं तापमान काही हजार अंश. जस्ताची वाफ होते, हवा लागताच तिचा झिंक ऑक्साइडचा पांढरा धूर होतो. तो श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतो. दूध पोटात जातं. ते धुराला अडवणार कुठे?

शिकाऊ असताना मीही दूध पिऊन बंद गाळ्यात जीआयची ग्रिल वेल्ड केली होती. दिवसभर काही नाही. रात्री हुडहुडी भरली, अंग मोडून आलं, तोंडाला धातूची चव, पाणी पिऊन तहान भागेना. याला मेटल फ्यूम फीवर म्हणतात. तो काही तासांनी चढतो आणि बहुतेकदा दिवस-दोन दिवसांत आपोआप उतरतो. उशिरा चढतो म्हणून माणूस त्याला साधा ताप समजतो, आपोआप उतरतो म्हणून श्रेय दुधाला मिळतं. हा समज कारागिरांत पिढ्यान् पिढ्या टिकला तो असा.

"वरचं जस्त ग्राइंडरने घासून काढू," भाचा म्हणाला. अरे, पाइपाला आतूनही जस्त असतं. तिथे तुझं ग्राइंडर पोचणार आहे का?

आणि ताप उतरला म्हणजे सुटलो असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये वेल्डिंगचा धूर गट 1 मध्ये टाकला. म्हणजे त्याने माणसाला कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा आहे. हे कुठल्याही वेल्डिंगच्या धुराला लागू आहे, मलाही. म्हणून आम्ही पंखा लावून, मास्क घालून काम करतो. गॅलरीतला धूर सरळ ताईच्या स्वयंपाकघरात गेला असता.

वाळूचं मात्र खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. वाळू ठासून भरली की वाकवताना पाइप चेपत नाही. पण ती भाजून कोरडी करावी लागते, हे मेसेजात नाही. ओलसर वाळू, दोन्ही टोकांना बूच आणि वर गॅसची ज्वाळा, की वाफेच्या दाबाने बूच गोळीसारखं उडतं. शिवाय जीआय तापवला की जस्ताचा धूर तिथेही आहेच.

गंजाचं म्हणाल तर वेल्डपाशी जस्त जळून जातं, तिथूनच पाइप सडायला लागतो. शिवाय प्लंबिंगचा जाड, जड पाइप इंजिनाच्या दोन स्टडवर (बोल्टवर) लटकवायचा, की तडा ठरलेला. पॉवर? जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला जेट (इंधन सोडणारं बारीक भोक) बदलून वरच्या आरपीएमला थोडी मिळते, एवढंच. बीएस-6 (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीत अशा पाइपाने ऑक्सिजन सेन्सरचं रीडिंग बिघडलं की इंधनाचं गणितच बिघडतं.

पीयूसीत धूर तपासतात, अशा पाइपाचा आवाज नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली आवाजाच्या प्रदूषणाला 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि पहिल्याच गुन्ह्याला तीन महिने लायसन्स जातं. भाचा डिलिव्हरीचं काम करतो. तीन महिने लायसन्स नसेल तर घरात पैसे कुठून येणार?

मशीन त्याच दिवशी परत पाठवायला लावलं. पुढच्या रविवारी तो जुना सायलेन्सर घेऊन गाळ्यावर येतोय. बुडाशी सडलाय तेवढा भाग कापून माइल्ड स्टीलचा पॅच मारू, कॅटकॉनला हात न लावता.