अजून गाडी लागली नाही?

सतरा वर्षं मी मालवाहतुकीच्या कचेरीत खुर्चीवर बसून गाड्या हाकल्या. म्हणजे फोनवरून. ट्रिपशीट भरायची, गाडी कुठवर आली ते विचारायचं, आणि ती गोदामाच्या आवारात शिरली की दर दहा मिनिटांनी चालकाला एकच वाक्य ऐकवायचं, “अजून गाडी लागली नाही? झोपलात काय?” गाडी लागणं म्हणजे ट्रेलरची पाठ गोदामाच्या फलाटाला टेकणं. स्क्रीनवरचा गाडीचा ठिपका फलाटापासून वीस मीटरवर दिसायचा आणि पाऊण तास तिथेच दिसायचा. वीस मीटर मागे यायला पाऊण तास? मग मी पुन्हा फोन करायचो. पलीकडून कोणी उचलायचं नाही. नंतर विचारलं की ठरलेलं उत्तर, “रेंज नव्हती, साहेब.”

एके दिवशी आमच्याकडचे सगळ्यात जुने चालक, ज्यांना सगळी कचेरी मामा म्हणते, माझ्या टेबलापाशी आले आणि गाडीची किल्ली फायलींवर ठेवली. “साहेब, एकदा तुम्हीच लावून दाखवा. फोन मी करतो.” सगळे हसले. मीही हसलो. आणि त्या हसण्याच्या भरात ट्रेलरच्या लायसन्सचा फॉर्म भरून बसलो. वय वर्षं चव्वेचाळीस. या वयात माणसं गुडघ्यांचे एक्स-रे काढतात.

शिकवणारा निघाला सव्वीस वर्षांचा. मी त्याला सर म्हणायचं, तो मला काका. काकांवर ओरडायचं कसं, हा त्याच्यापुढचा मोठाच पेच होता. तीन दिवसांत सुटला.

पहिला धडा केबिनमध्ये चढण्याचा. हसू नका. पायऱ्या तीन, पण पहिलीच माझ्या गुडघ्याच्या वर. दोन हात आणि एक पाय, नाहीतर दोन पाय आणि एक हात, असं तीन ठिकाणी धरूनच चढायचं आणि उतरताना तोंड गाडीकडे ठेवायचं. बसमधून उतरतो तसं तोंड बाहेर करून उतरलेली माणसं थेट हाडांच्या डॉक्टरांकडे उतरतात, असं सर म्हणाले. वर पोचलो तर समोर आणि दोन्ही बाजूंना मिळून सहा आरसे. एकात मागची चाकं, एकात शेजारची लेन, एकात दाराखालची जमीन, एकात बंपरपुढची जमीन. सहांपैकी एकातही मला हवं ते दिसत नव्हतं. ते होतं मैदानाबाहेर जायचं फाटक.

या धंद्यात पुढच्या इंजिनवाल्या भागाला घोडा म्हणतात. घोडा वेगळा, ट्रेलर वेगळा. हे नाव मला फार आवडलं, कारण या गाडीचा जन्मच घोडागाडीवाल्यांच्या घरचा. १९१४ मध्ये डेट्रॉईटच्या ऑगस्ट फ्रूहॉफ नावाच्या लोहाराकडे, जो घोडागाड्या बांधायचा, एक लाकडाचा व्यापारी आला. त्याला आपली होडी न्यायची होती. फ्रूहॉफने व्यापाऱ्याच्या फोर्ड मॉडेल टी मोटारीला मागून जोडता येईल असा गाडा करून दिला आणि पुढे त्याला ‘सेमी-ट्रेलर’ म्हणू लागला. सेमी म्हणजे अर्धा, कारण या गाड्याला पुढची चाकं नसतात. पुढचा भार तो घोड्याच्या पाठीवर टाकतो. एकाने ओढायचं आणि दुसऱ्याने रेलून बसायचं, ही व्यवस्था मला कचेरीमुळे चांगली परिचयाची होती. फक्त कचेरीत मी ट्रेलर होतो.

घोड्याच्या पाठीवर जे ग्रीस माखलेलं तबक असतं त्याला पाचवं चाक म्हणतात. ते चाक नाही, चाकासारखं फिरतही नाही. घोडागाडीचा पुढचा आस वळावा म्हणून एक आडवं चक्र असायचं, त्याचं नाव याला चिकटलं. तबकात मागून एक खाच असते. घोडा मागे घेत ट्रेलरखाली शिरवायचा, की ट्रेलरची किंगपिन, म्हणजे त्याच्या पोटाखालची खुंटी, त्या खाचेतून आत सरकते आणि तबकाचा जबडा खट्ट करून तिच्याभोवती मिटतो. मग खाली उतरून, ट्रेलरखाली वाकून, टॉर्च मारून तो जबडा खरंच मिटलाय का ते बघायचं. मी पहिल्यांदा वाकलो तेव्हा काळ्या ग्रीसमध्ये चमकणारी ती खुंटी बघून माझे पाय गार पडले. जाडी दोन इंच, अगदी नेमकं सांगायचं तर ५०.८ मिलिमीटर. भरलेला सगळा ट्रेलर एवढ्याशा खुंटीवर ओढला जातो. आमच्या घराच्या दाराची कडी याहून जाड आहे असं मला तेव्हा मनापासून वाटलं. घरी जाऊन मोजली. नाहीये.

जबडा मिटला तरी विश्वास ठेवायचा नाही. ट्रेलरचे ब्रेक लावलेलेच ठेवून घोड्याला खालच्या गिअरमध्ये पुढे हिसका द्यायचा. ट्रेलर हटला नाही आणि घोडाही सुटला नाही, तर जोडणी पक्की. मग तांबडी नळी, पिवळी नळी, विजेच्या तारा, आणि शेवटी, सुटा ट्रेलर पुढून ज्यांवर उभा राहतो ते त्याचे पाय हँडल मारून वर. तांबड्या नळीतून ट्रेलरच्या टाकीला हवा जाते, पिवळीतून ब्रेकचा हुकूम. सोडवताना आधी पाय खाली टेकवायचे, मग नळ्या काढायच्या, मग जबड्याचा दांडा ओढायचा. मी पाय टेकवले, दांडा ओढला, केबिनमध्ये चढलो आणि घोडा ऐटीत पुढे काढला. नळ्या विसरलो. त्या वेटोळ्याच्या असतात म्हणून ताणल्या गेल्या, आणखी ताणल्या गेल्या, आणि वासराला सोडून गाय निघावी तसं काहीतरी माझ्या मागे ताणलं जातंय हे मला त्या सहा आरशांपैकी एकाही आरशात दिसलं नाही. दिसले ते दोन्ही हात वर करून धावत येणारे सर. “काकाऽऽ!” ही हाक तोवर मी फक्त लग्नाच्या हॉलमध्ये ऐकली होती.

लेखी परीक्षेचं सांगण्यासारखं काही नाही. पाठांतर आहे, आपण पाठांतरावरच मोठे झालो. हवेच्या ब्रेकपाशी मात्र मी अडखळलो. माझी साधी समजूत अशी की हवा आली की ब्रेक लागतो. पायाखालच्या ब्रेकचं तसंच आहे. पण पार्किंग ब्रेकचं उलटं. तिथे एक दणकट स्प्रिंग ब्रेक कायम आवळून धरते आणि हवा तिला दाबून मागे ठेवते. हवा गेली की स्प्रिंग मोकळी आणि चाकं जखडलेली. नळी तुटली तर गाडी पळत सुटण्याऐवजी थांबावी, हा विचार मुळात रेल्वेचा. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८७२ मध्ये आगगाडीसाठी तशी सोय केली होती. हे मी सरांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. “काका, इतिहास नंतर. मीटर बघा, हवा कुठे भरलीय अजून?” टाकीत पुरेशी हवा भरेपर्यंत केबिनमध्ये एक भोंगा किंचाळत असतो. तो थांबला की गाडीची हवा भरली. माझी मात्र तेव्हापासून टाइट व्हायची.

आता रिव्हर्स.

साधी मोटार मागे घेताना स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की गाडीची पाठ डावीकडे जाते. ट्रेलरची शेपूट डावीकडे न्यायची तर स्टेअरिंग उजवीकडे. इथवर ठीक आहे, एवढं उलटंपालटं तर लग्नानंतर प्रत्येक जण शिकतो. खरी गंमत पुढे आहे. शेपूट डावीकडे वळायला लागली रे लागली, की स्टेअरिंग परत डावीकडे आणून घोड्याला तिच्यामागे धाडायचं. नाही धाडलं तर वळण वाढत जातं. तुम्ही वाढवत नाही, ते आपलं आपण वाढतं. पुढे जाताना हाच ट्रेलर इतका गुणी असतो की कितीही वाकडा असला तरी चार पावलांत सरळ होतो. मागे जाताना त्याचा वाकडेपणा चक्रवाढ व्याजासारखा फुगतो. आणि एका मर्यादेपलीकडे स्टेअरिंग कसंही फिरवा, उपयोग नाही. घोडा आणि ट्रेलर अडकित्त्यासारखे मिटत येतात आणि मधली सुपारी आपण असतो.

त्यात भाषेचीही मदत नाही. मैदानात जागा आखायला जे नारिंगी कोन ठेवतात ते कोन, आणि घोडा-ट्रेलरमध्ये होतो तोही कोन. “काका, कोन बघा!” सर ओरडले की मी नारिंगी कोन बघायचो, तोवर दुसरा बिघडायचा. “कोन वाचवा!” म्हणाले की मी ट्रेलरचा वाचवायचो, आणि नारिंगी मरायचा. पहिल्या आठवड्यात मी अकरा कोन मारले. बारावा सरांनी स्वतः उचलून बाजूला घेतला.

मग त्यांनी युक्ती सांगितली. स्टेअरिंग वरून धरायचं नाही, खालून धरायचं. आता हात डावीकडे नेला की शेपूट डावीकडे, उजवीकडे नेला की उजवीकडे. उलट्याचं सुलट! दोन दिवस मी राजा होतो. तिसऱ्या दिवशी डोक्यात मुरलेलं जुनं उलटंही जागं झालं, आणि खालून धरलेल्या हाताने मी पुन्हा विरुद्ध दिशा पकडायला लागलो. डोक्यातलं उलट आणि हातातलं उलट मिळून मी सहा दिवस मागे गेलो. ट्रेलर मात्र नाही गेला.

आमच्या बाजूने वळताना निदान आरशात ट्रेलरची चाकं दिसतात. क्लीनरच्या बाजूने वळलं की तिकडच्या आरशात नुसती ट्रेलरची लांबलचक भिंत, आणि इकडच्या आरशात रिकामं मैदान. मागे काय आहे हे कळायचा मार्ग एकच. ब्रेक लावा, तीन ठिकाणी धरून उतरा, चालत मागे जा, बघा, चालत परत या, चढा. चढेपर्यंत काय बघितलं ते मी विसरलेलो असायचो. एका दुपारी मी नऊ वेळा उतरलो. नवव्यांदा परत येताना स्क्रीनवरचा तो ठिपका आठवला, पाऊण तास एका जागी थिजलेला, आणि मला एकदम घाम फुटला. उन्हाचा असेल.

घरी सराव चालूच होता. दोन आगपेट्या टाचणीने जोडून टेबलावर मागे ढकलत होतो. बायकोने दोन मिनिटं बघितलं.

“काय करताय?”

“उजवीकडे करायचं म्हणजे डावीकडे जातं. सांगितलेल्याच्या बरोबर उलट करायचं असतं.”

“सांगितलेल्याच्या उलट? मग तुम्हाला एवढे दिवस का लागताहेत?”

परीक्षेच्या दिवशी परीक्षकांनी एक अक्षरही जास्त बोलायचं नाही असं ठरवलेलं दिसलं. गाडीभोवती फेरी मारून टायर, दिवे, नळ्या आणि चाकांच्या नटांवरचे पिवळे बाण दाखवले. हे बाण जोडीजोडीने एकमेकांकडे तोंड करून बसवतात. एखाद्याने तोंड फिरवलं तर नट सैल झाला समजायचं. नवराबायकोंनाही असे बसवता आले तर बरं, असं मी म्हणालो. परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं.

रिव्हर्स झाला. विचारू नका कसा. एकदाच उतरलो, एकदाच पुढे घेऊन सरळ केला, आणि ट्रेलरची पाठ आखलेल्या चौकोनात जाऊन थांबली. दूर फाटकापाशी सर हवेत मुठी मारत होते. त्या आनंदात मी रस्त्यावर निघालो आणि पहिल्याच डाव्या वळणावर विसरलो की माझ्यामागे कोणी आहे. ट्रेलर कोपरा कापतो. घोडा जिथून वळला तिथून त्याची मागची चाकं वळत नाहीत, चांगली आत घुसून वळतात, म्हणून घोडा वळणाच्या पार पुढे नेऊन मग वळवायचा असतो. माझी शेवटची चाकं अलगद फुटपाथवर चढली आणि अलगद उतरली. परीक्षक पुन्हा लिहिते झाले. “पुढच्या वेळी या,” हे त्यांचं त्या दिवसातलं सगळ्यात लांब वाक्य.

पुढच्या वेळी गेलो, पास झालो. त्यात सांगण्यासारखं काही नाही. वळण आलं की मी इतका पुढे जाऊन वळायचो की परीक्षकांना वाटलं असेल, रस्ता चुकलो.

आठवड्याने मामांनी पुन्हा किल्ली आणून ठेवली. सगळी कचेरी खिडक्यांना चिकटली. फलाट क्रमांक तीन, दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या, मध्ये माझी जागा. पहिल्या प्रयत्नात फार उजवीकडे आलो. दुसऱ्यात अडकित्ता. तिसऱ्यात सरळ आलो, पण फलाट क्रमांक चारसमोर. उतरलो, बघितलं, चढलो. खालून स्टेअरिंग धरलं. तेवढ्यात डॅशबोर्डवर फोन वाजायला लागला. मामा. आरशात ते दिसतही होते, जिन्याच्या पायरीवर बसून, फोन कानाला लावून, अगदी आरामात. वाजू दिला. थांबला. दहा मिनिटांनी पुन्हा वाजला.

गाडी लागली तेव्हा पन्नास मिनिटं झाली होती. मामा चालत केबिनपाशी आले आणि वर बघत म्हणाले, “साहेब, दोनदा फोन केला.”

“रेंज नव्हती, मामा.”