टाकी 90 लिटरची नव्हती: आपल्या अभिप्रायाला उत्तर

महोदय,

सप्रेम नमस्कार. आमच्याकडून भाड्याने घेतलेल्या मोटरहोमविषयी (राहण्याची सोय असलेल्या गाडीविषयी) आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा नीट वाचला. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे: माहितीपत्रकात 90 लिटरची टाकी आणि एका टाकीत 900 किलोमीटर असे छापलेले असताना, लहान मुले बरोबर असताना गाडी 430 किलोमीटरवर रस्त्याच्या कडेला बंद पडली. त्याच्या आदल्या रात्री हीटरही बंद पडला होता. कॅनमधून 10 लिटर डिझेल ओतून पंपावर गेल्यावर टाकीत केवळ 44 लिटर बसले. यावरून टाकी गळकी तरी असावी किंवा आम्ही ग्राहकांना फसवत तरी असू, असा निष्कर्ष आपण काढला आहे.

सर्वप्रथम चुकीची कबुली देतो. त्या गाडीची टाकी 90 लिटरची नाही, 60 लिटरची आहे. मोटरहोमचे चॅसिस, म्हणजे चाकांसह खालचा सांगाडा, आणि इंजिन एक कंपनी बनवते आणि त्यावरचे घर दुसरी कंपनी बांधते. एकाच चॅसिसवर कारखान्यातून वेगवेगळ्या मापांच्या टाक्या बसवून मिळतात. अनेक देशांत साध्या मोटारीच्या परवान्यावर 3,500 किलोपर्यंतचेच वाहन चालवता येत असल्यामुळे, घर बांधणाऱ्या कंपन्या वजन वाचवण्यासाठी पुष्कळदा लहान टाकी निवडतात. 30 लिटर डिझेल कमी म्हणजे सुमारे 25 किलो वजन कमी. आम्ही मात्र चॅसिसच्या माहितीपुस्तिकेतला आकडा उचलला, प्रत्यक्ष गाडीवर बसवलेली टाकी तपासली नाही आणि त्या आकड्याला लिटरमागे 10 किलोमीटरने गुणून 900 छापले. फसवण्याचा हेतू नव्हता, परंतु खोट्या आकड्यावर विसंबून आपण निघालात आणि त्याचा त्रास आपल्याला झाला. त्याची जबाबदारी पूर्णपणे माझी आहे. मी मनापासून क्षमा मागतो.

गाडी परत आल्यावर मी ती रॅम्पवर घेतली. टाकी, नळ्या आणि जोड तपासले. कुठेही गळती आढळली नाही. त्यानंतर टाकी पूर्ण रिकामी करून, गाडी सपाट जागी उभी करून, मोजमापाच्या कॅनने थोडे थोडे डिझेल ओतत प्रत्येक टप्प्यावर डिझेल दाखवणारा काटा कुठे आहे ते लिहून ठेवले. हे काम गाडी पहिल्यांदा भाड्याने देण्यापूर्वीच व्हायला हवे होते.

मोजणीत असे दिसले की तळाचे सुमारे 3 लिटर डिझेल गाडीतल्या पंपाच्या पिकअपला, म्हणजे ते ओढून घेणाऱ्या नळीच्या तोंडाला, उचलताच येत नाही. पंपावरचे नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाले, म्हणजे ऑटो कट झाला, तेव्हा टाकीत 56 लिटर होते. त्यापुढे अगदी सावकाश भरल्यावर साडेचार लिटर आणखी बसले. डिझेलला भरताना फेस येतो, मोटरहोममध्ये भरण्याचे तोंड टाकीपासून लांब असल्यामुळे मधली नळी लांब आणि वळणाची असते, आणि फेस नोझलच्या टोकाशी पोहोचला की टाकी पूर्ण भरलेली नसतानाही नोझल बंद होते. तरीही ही वरची जागा भरण्याचा आग्रह कोणी धरू नये, असे माझे मत आहे. तापमान 20 अंशांनी वाढले तर 60 लिटर डिझेल सुमारे 1 लिटरने प्रसरण पावते आणि त्याला जागा लागते.

आता आपल्या 44 लिटरचा हिशेब जुळतो. तळाचे 3, कॅनचे 10, त्यातले पंपापर्यंत जाताना जळालेले सुमारे 1 लिटर वजा, आणि पंपावर बसलेले 44, बेरीज 56. आपले आकडे अचूक होते आणि पंपानेही माप कमी दिलेले नाही. आपण ते इतक्या काळजीने टिपून ठेवल्यामुळेच मला हा हिशेब पडताळता आला.

हीटरच्या बाबतीत मात्र मला आपल्याशी असहमत व्हावे लागते, कारण तो नादुरुस्त नव्हता. डिझेलवर चालणारा हीटर गाडीच्याच टाकीतून, पण वेगळ्या नळीने डिझेल घेतो आणि ती नळी मुद्दाम तळापासून वर संपवलेली असते. या गाडीत साधारण 15 लिटर उरले की हीटरला डिझेल मिळणे थांबते. जनरेटर असलेल्या मोठ्या मोटरहोममध्येही बहुधा हीच व्यवस्था असते. रात्रभर ऊब घेण्यात इंजिनापुरतेही डिझेल उरले नाही आणि माणसे निर्जन जागी अडकली, असे होऊ नये यासाठी ती केलेली असते. हीटर असा थांबणे ही खरे तर टाकी पाव भागावर आल्याची सूचनाच असते. पण गाडी ताब्यात देताना हे आम्ही सांगितले नव्हते, आणि न सांगितलेली सूचना कोणाला कळणार? थंडीत मुलांसह काढलेली ती रात्र आमच्या मौनामुळे ओढवली, हे मला मान्य आहे.

डिझेल कमी झाल्याचा दिवा लागल्यावर समोरच्या पडद्यावर अजून 75 किलोमीटर जाता येईल असे दिसत होते आणि गाडी 50 किलोमीटरच्या आसपास बंद पडली, असेही आपण लिहिले आहे. गाडी रिझर्व्हला लागते, म्हणजे हा दिवा लागतो, तेव्हा टाकीत 9 लिटर असतात, त्यांतले वापरता येण्याजोगे 6. पडद्यावरचा आकडा हा मागच्या काही अंतरातल्या खपावरून बांधलेला अंदाज असतो; पुढे चढ किंवा समोरचा वारा आहे, हे त्याला ठाऊक नसते. हीटरने जाळलेले डिझेलही गाडीचा संगणक खपात धरत नाही, कारण ते इंजिनातून जातच नाही. दोन रात्रींत हीटरला सुमारे 4 लिटर लागले असावेत. शिवाय काटाही सरळ हिशेबाने उतरत नाही: ऑटो कटनंतरचे पहिले काही लिटर संपेपर्यंत तो पूर्ण भरल्याच्या खुणेवरून हलत नाही आणि अर्ध्याच्या खाली भराभर उतरतो. आमच्या कर्मचाऱ्याने फोनवर "दिवा लागल्यावर शंभर किलोमीटर जाते" असे सांगितले, ते चूक होते.

आपल्या चालवण्याला मी दोष देत नाही, परंतु पुढे ही गाडी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते. आमचे लिटरमागे 10 किलोमीटर हे ताशी 85 ते 90 किलोमीटर वेगाचे आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे 88 वरून 110 वर गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो, आणि त्यात समोरून ताशी 20 किलोमीटरचा वारा असेल तर गाडीला ताशी 130 इतका विरोध सोसावा लागतो. उंच, सपाट तोंडाच्या मोटरहोमला हे मोटारीपेक्षा फार जाणवते. हीटरचे डिझेल वगळून आपल्याला लिटरमागे सुमारे 8.8 किलोमीटर मिळाले. त्या वेगाला आणि वाऱ्याला ते वाजवीच आहे.

पत्रक आता बदलले आहे. त्यात पहिल्या ऑटो कटपासून दिवा लागेपर्यंतचे 47 लिटर आणि लिटरमागे साडेआठ किलोमीटर धरून, 400 किलोमीटरच्या आत डिझेल भरावे असे लिहिले आहे. हीटर रात्रभर चालवणार असाल तर त्याहून लवकर. टाकी संपवून क्षमता पाहण्याचा प्रयोग कृपया कोणी करू नये. डिझेल इंजिनाच्या उच्च दाबाच्या पंपाला वंगण डिझेलचेच मिळते, आणि लाइनमध्ये, म्हणजे डिझेलच्या नळ्यांत, एअर (हवा) शिरली की ती काढल्याशिवाय गाडी सहसा सुरू होत नाही. आपल्याला रस्त्यावर थांबावे लागले त्यात बराच वेळ याच कामात गेला, हे मदतीला आलेल्या मेकॅनिकच्या नोंदीवरून कळले.

त्या दिवसाचे भाडे आणि मेकॅनिकचा पूर्ण खर्च आपल्या खात्यावर परत पाठवला आहे. त्यासाठी अभिप्राय बदलण्याची अपेक्षा नाही. तो आहे तसाच राहू द्यावा. आमच्या आणखी दोन गाड्यांच्या टाक्यांची मोजणी बाकी असून ती होईपर्यंत त्यांच्या पत्रकांवरून अंतराचा आकडा काढून टाकला आहे.

आपला नम्र,
संचालक