तटस्थ राहून लढाईत कसं उतरायचं?

काय भो, शेजारच्या दोघा भावांची बांधावरून जुंपलीय आणि तुम्हाला मनातून उतरायचंय पण नाव खराब व्हायला नको, अशी अडचण असेल तर टेन्शन घेऊ नका, अमेरिकेनं हे काम पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१७ मध्ये इतकं फर्स्ट क्लास करून दाखवलंय की नुसतं बघायचं आणि करत जायचं.

सुरुवात गोड करा. पारावर सगळ्यांसमोर सांगा की आपण कोणाच्याच बाजूचे नाही. ऑगस्ट १९१४ ला अमेरिकेचे अध्यक्ष विल्सनसाहेब म्हणाले होते की नुसतं वागण्यात नाही, विचारातसुद्धा निःपक्षपाती राहा. विचारातसुद्धा! आपल्याकडे भरीत पार्टीला वांगं बामणोदचं की आसोद्याचं यावर कोणी तटस्थ राहत नाही, पण ते असो.

मग दुकान उघडा. खत, बियाणं, लागल्या तर काठ्या, दोघांनाही विकायला मोकळे. आता मोठ्यानं धाकट्याचा रस्ताच अडवला तर तुम्ही काय करणार? ब्रिटिश आरमारानं जर्मनीची नाकेबंदी केली, अमेरिकेनं निषेधाचे खलिते धाडले आणि माल इंग्लंड-फ्रान्सकडे जात राहिला.

खरी गंमत उधारीत आहे. पहिले नाहीच म्हणायचं. परराष्ट्रमंत्री ब्रायननी १९१४ लाच सांगितलं होतं की लढणाऱ्यांना कर्ज देणं खऱ्या तटस्थपणात बसत नाही. पण गिऱ्हाइकाची रोकड संपली की माल काय गोडाऊनला सडवायचा? जून १९१५ ला ब्रायननी राजीनामा दिला (तो लुसिटानिया बोट बुडाल्यावर जर्मनीला धाडायच्या खलित्यावरून, उधारीवरून नाही) आणि त्याच वर्षी मॉर्गन बँकेमार्फत ब्रिटन-फ्रान्सला ५० कोटी डॉलर उभे राहिले. एप्रिल १९१७ पर्यंत दोस्त राष्ट्रांकडे दोनशे कोटी डॉलरच्या वर अडकलेले, जर्मनीकडे तीन कोटीसुद्धा नाहीत. आता सांगा, ज्याच्याकडे पैसे अडकलेत तोच बांधाची केस हरला तर वसुली कोणाच्या वावरात जाऊन करणार?

खोटं कशाला बोला, नुसत्या उधारीच्या वहीमुळे लढाई झाली नाही. ७ मे १९१५ ला जर्मन पाणबुडीनं लुसिटानिया बुडवली, ११९८ माणसं गेली, त्यात १२८ अमेरिकी. तरी विल्सननी उडी घेतली नाही, उलट १९१६ ची निवडणूक त्यांच्या पार्टीनं 'यांनी आपल्याला युद्धाबाहेर ठेवलं' या प्रचारावर मारली. पाच महिन्यांनी उतरले. टायमिंग लक्षात ठेवा, पहिले मतदान, मग शड्डू.

समोरचाही मदत करतो, फक्त धीर धरा. फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीनं पाणबुड्या पुन्हा मोकाट सोडल्या, आणि त्याआधी जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमननी मेक्सिकोला तार केली की अमेरिका लढाईत पडली तर आमच्याकडून लढा, टेक्सास, न्यू मेक्सिको, अ‍ॅरिझोना परत मिळवून देऊ. ही तार अमेरिकेच्याच राजनैतिक तारेवरून गेली, इंग्रजांनी मधेच फोडली, आणि छापून आल्यावर झिमरमननी स्वतःच सांगितलं की हो, मीच पाठवली. असला शत्रू नशिबानं मिळतो भो! ६ एप्रिलला युद्ध जाहीर. भाषणात मात्र लोकशाहीसाठी जग सुरक्षित करायचंय असंच म्हणायचं, वहीचा विषय काढायचा नाही.

आपल्याला तर ही मेहनतही पडली नाही. १९३६ ला आपल्या फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनात ठराव झाला की साम्राज्याच्या युद्धात हिंदुस्थानची माणसं वापरायला विरोध करायचा, आणि १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोनं कोणाला न विचारता परस्पर जाहीर केलं की तुम्ही लढाईत आहात. फुकटात.

नंतर पस्तावा झाला तर कमिटी बसवा. १९३४ ला अमेरिकेच्या सेनेटनं बसवली, हत्यारवाल्यांनी आणि बँकांनी किती कमावलं ते खणलं, १९३५ ला लढणाऱ्यांना हत्यारं विकायला बंदी, ३६ ला कर्जही बंद. मग १९३९ च्या नोव्हेंबरात ठरलं की बरं विका, पण रोख, आणि माल ज्याचा त्यानं आपल्या बोटीनं न्यायचा. इंग्लंडची रोकड संपत आली तसं मार्च १९४१ मध्ये पैशाचं नंतर बघू. त्यामुळे जुनी वही फेकू नका भो, मागची पानं कोरी असतीलच.